याकोबाचं डिझेल

मीटर बसवायला आलेल्या माणसाला लामर्ट होइटिंगाने आधी बूट काढायला लावले. याकोबा जहाजाच्या सुकाणूघरात बूट घालून कोणी येत नाही, मग तो कारखान्याचा असो नाही तर सरकारचा. इंजिनघरात बूट चालतात, वर चालत नाहीत. त्यामुळे त्या बिचाऱ्याची दिवसभर वर-खाली करताना बूट घाल, बूट काढ अशी कवायत चालली. संध्याकाळी सुकाणूच्या शेजारी, जिरेनियमच्या कुंडीला लागून, एक छोटा पडदा लागला आणि त्यावर हिरवे आकडे उमटले. नवरा-बायकोच्या संसारात त्या दिवसापासून तिसरं माणूस आलं म्हणा ना.

आकडे कसले, तर एक टन माल एक किलोमीटर न्यायला किती डिझेल जळलं आणि त्यातून किती कार्बन हवेत गेला, त्याचे. कालव्याकाठच्या चारा कारखान्याशी लामर्टचा तीन वर्षांचा करार होता. आम्सटरडामच्या बंदरातून मका भरायचा, आयसेल नदीने वर यायचं, मग कालव्यात वळून कारखान्याच्या धक्क्याला लागायचं. रिकामं परत जायचं, पुन्हा भरून यायचं. नव्या करारात कारखान्याने कलम घातलं होतं की प्रत्येक जहाजाने आपला धूर मोजायचा आणि दरवर्षी तो थोडा कमी करायचा. तिसऱ्या वर्षाअखेरीस ठरलेल्या रेषेच्या वर राहिलात, तर पुढचा करार नाही. आणि पुढचा करार नाही तर बँक नव्या इंजिनाला कर्ज देणार नव्हती, आणि जुनं इंजिन तर आता देवाच्या भरवशावर चाललं होतं. म्हणजे फिरून फिरून गोष्ट एकच: त्या हिरव्या आकड्यावर याकोबा राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

याकोबा हे लामर्टच्या आईचं नाव. बापाने हौसेने जहाजाला दिलं आणि मग आयुष्यभर आईवर चिडला की जहाजावर ओरडायचा. लामर्ट त्याच जहाजावर जन्मला. शाळेचं वय झालं तसं त्याला जहाजवाल्यांच्या पोरांच्या वसतिगृहात टाकलं. आठवडाभर पोरं जमिनीवर, आईबाप पाण्यावर. तिथे शेजारच्या खाटेवर वुब्बो ड्रेंथ होता. लामर्ट पहिले कितीतरी दिवस रात्री रडायचा, तेव्हा हा वुब्बो अंधारात पादायचा आणि म्हणायचा, "लॉक उघडलं रे, निघा." लॉक म्हणजे जहाजं वर-खाली चढवायचं कालव्यातलं पाण्याचं दार. अशी मैत्री. ती काही सुटत नाही.

लामर्टची बायको आफके मात्र पाण्यावरची नव्हती. हाटेम गावच्या बेकरीवाल्याची मुलगी, उबेत वाढलेली. लग्न करून जहाजावर आली तेव्हा सगळ्या जहाजवाल्यांनी तिला एक हिवाळा दिला होता. "मार्चपर्यंत पळेल बघ पोरगी," म्हणायचे. ती पळाली नाही. ओल्या दोरांनी हात फाटले, मूल कडेवर घेऊन तिने लॉकमध्ये दोर टाकले, मुलगी वसतिगृहात गेली तेव्हा डेकवर उभी राहून रडली, पण पळाली नाही. तरी लामर्टच्या मनात एक सल होताच. चांगल्या घरातली, कोरड्या जमिनीवरची पोरगी आपण उचलून आणली आणि हिला लोखंडाच्या डब्यात म्हातारी केली, असं त्याला वाटायचं. ती कुरकुरली की त्याला जास्तच वाटायचं. आणि ती कुरकुरायची पुष्कळ. थंडीवर, डिझेलच्या वासावर, पाय दुखतात म्हणून, धुतलेले पडदे पुन्हा काळे होतात म्हणून. तिची कुरकुर म्हणजे काही तक्रार नव्हे, ती श्वास घेण्याची पद्धत होती. पण हे नवऱ्याला कोण सांगणार?

मीटर लागला तेव्हा बाकीच्या जहाजवाल्यांनी थट्टा केली. वुब्बो तर म्हणाला, "आता मागे लावायचा तेवढा राहिलाय. वाटाण्याचं सूप प्यालो की माझा करारच रद्द होईल." लामर्ट हसला, पण त्याला ते कलम खोटं वाटलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात आयसेल इतकी आटली होती की त्याने जन्मात न पाहिलेले दगड वर आले होते, आणि लगेचच्या हिवाळ्यात तीच नदी कुरणांवरून वाहत होती. नदी बिघडली आहे हे जहाजवाल्याला दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही. तो फक्त दमला होता. साठी ओलांडली होती, एक खांदा वर होत नव्हता, आणि आता या वयात जहाज चालवायला नव्याने शिकायचं होतं.

कारण जहाजवाल्याची जन्माची खोड म्हणजे लॉक गाठायची घाई. जो आधी पोचेल तो आधी आत. दोन वळणं आधीपासून इंजिन पिळायचं, पुढच्याला मागे टाकायचं आणि मग लॉकपाशी जाऊन तासभर कॉफी पीत बसायचं. बाप तेच करायचा, आजा तेच करायचा. आता लॉकला आधी फोन करून वेळ घ्यायची आणि त्या वेळेला पोचेल एवढंच हळू जायचं. मागून येणारे भोंगा वाजवून पुढे जायचे, आणि लामर्टला ते जिवाला लागायचं.

आफकेला मात्र त्या आकड्याचा नादच लागला. नदीच्या कुठल्या वळणाला आतल्या अंगाने धार मंद असते, कुठे काठाला धरून गेलं तर पाणी कमी ढकलतं, हे ती बघून ठेवायला लागली. सुकाणू तिच्या हातात असलं की आकडा उतरायचा, त्याच्या हातात आलं की चढायचा.

"तुझा हात जड आहे," ती म्हणायची. "ऊठ. कॉफी कर जा."

"पाठ दुखेल तुझी."

"माझी पाठ मी बघीन. तू किटली बघ."

लामर्टला वाटायचं, करार जाईल या धास्तीने ही मरमर करतेय. पहिल्या वर्षी आकडा रेषेच्या खूप खाली आला. दुसऱ्या वर्षी रेषा खाली सरकली आणि ही दोघं तिच्याही खाली राहिली. कारखान्यातली योरिंदे नावाची बाई, जिच्याकडे हे मोजमापाचं काम होतं, ती मुद्दाम धक्क्यावर येऊन हात मिळवून गेली. पोरगीच म्हणायची तशी, पण मनाने सरळ. बूट न सांगता काढले तिने.

मग तिसऱ्या वर्षीचा पावसाळी शरद आला आणि वुब्बोचा फोन आला.

"लामर्ट, कुठे आहेस?"

"कांपेनच्या पुलाखालून आत्ताच निघालो. का रे?"

"काही नाही. इथे वळणावर नांगर टाकून बसलोय. निसर्ग बघतोय."

"मेला तुझा निसर्ग. काय मोडलं ते बोल."

"गिअरबॉक्स," वुब्बो म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला. "हळू चालवलं तर चालतं, जोर दिला की सटकतं. कालव्यात भागेल रे. या धारेत नाही भागत."

नदीला पूर होता. लामर्टने दुसरा शब्द विचारला नाही. याकोबा वुब्बोच्या जहाजाला बाजूने लावलं, आफकेने दोर फेकले, दोन्ही जहाजं कुशीला कुशी लावून बांधली आणि एका इंजिनावर दोघांचा मका धारेविरुद्ध वर निघाला. पाण्यावर हे असंच आहे. अडलेल्याला सोडून कोणी जात नाही, आणि ज्याला ओढलं त्याचं नाव जमिनीवर कोणी नेत नाही. नेलं तर विमावाला ऐकतो, माल देणारा ऐकतो, आणि त्या माणसाचं दुकान बंद होतं. पुढच्या वेळी अडलेला तू असशील, एवढंच त्यातलं शहाणपण.

वुब्बोचाही करार त्याच कारखान्याशी, तोच. त्यात असंही होतं की बिघाडामुळे जहाज फार काळ बंद राहिलं तर कारखाना दुसरं जहाज बोलावील. वुब्बोची बायको गेलेली, मूलबाळ नाही, जमिनीवर पत्ता नाही. जहाज गेलं तर तो माणूस झोपणार कुठे, असा साधा प्रश्न होता. गिअरबॉक्सचा सुटा भाग जर्मनीतून यायचा होता. तो आज येतो, उद्या येतो करत हिवाळा लागला. तोवर लामर्ट आपली फेरी वुब्बोच्या फेरीला जुळवून घ्यायचा. रिकामं खाली जाताना वुब्बो आपला आपण जायचा. भरून येताना कांपेनपाशी थांबायचा, मग दोघं बांधून वर. आफके तिघांचं सूप करायची. वुब्बो आपल्या जहाजावरून पाय टाकून इकडे यायचा, सुकाणूघरात मोज्यांनी बसायचा आणि जेवून झाल्यावर तिथेच पेंगायचा.

आजूबाजूने जाणारी जहाजं हे बघत होती. सगळ्यांनी पाहिलं आणि कोणीच पाहिलं नाही.

पाहिलं ते मीटरने. जिरेनियमशेजारचा आकडा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला.

"वुब्बो आपलं डिझेल पितोय," आफके एकदा हळूच म्हणाली. वुब्बो कोपऱ्यात घोरत होता.

"मग काय करू? दोर कापू?"

"दोर कापायला कोण सांगतंय? त्याला सांग तरी की आपलं काय होतंय."

"सांगितलं तर तो उद्यापासून बांधून घेणार नाही. या पुरात एकटा निघेल आणि पुलाला धडकेल." लामर्टने पडद्यावर टोपी टाकली. "राहू दे. वर्षाचा हिशेब आहे, एका महिन्याने काय होतं?"

एका महिन्याने काही झालं नसतंही. पण महिना एक नव्हता.

डिसेंबरात योरिंदेने त्याला कार्यालयात बोलावलं. समोर कॉफी ठेवली, डब्यातलं एक बिस्किट दिलं, डबा बंद केला. मग म्हणाली, "कप्तान होइटिंगा, तुम्ही रेषेच्या वर गेलात. दोन वर्षं तुमच्यासारखं कोणी नव्हतं, आणि आता शरदात एकदम हे. इंजिन गेलं का?"

"इंजिन ठीक आहे."

"मग काय झालं?"

"पाणी जास्त होतं."

"पाणी सगळ्यांनाच जास्त होतं." ती पुढे वाकली. "हे बघा, मला तुम्हाला काढायचं नाहीये. करारात सोय आहे. दुसऱ्या जहाजाला मदत केली असेल, ओढलं असेल, तर त्या जहाजाचं नाव आणि कुठून कुठपर्यंत ते द्या. तेवढं डिझेल मी वजा करते. पण नाव लागतं. नावाशिवाय वजा केलं तर वरचे मलाच जाब विचारतील."

लामर्ट बिस्किट चघळत राहिला. खोलीत फार गरम होतं.

"वुब्बो ड्रेंथचं बघा," ती म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं. "तीच नदी, तोच पूर, जहाज तुमच्याहून जुनं. त्यांचा आकडा अर्ध्यावर आलाय. यंदा सगळ्यांत कमी धूर त्यांचा. विचारा ना त्यांना, काय करतात ते."

करणार काय, बसून सूप पितात! लामर्टला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. मीटर इंजिनाला लावलेला. ज्याचं इंजिन चालत नाही तो सगळ्यांत स्वच्छ, आणि जो दोघांचा भार वाहतो तो सगळ्यांत घाणेरडा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं कोणी म्हणेल. पण इथे चोरही कोणी नव्हता. कलम लिहिणाऱ्यांनी चांगल्या मनाने लिहिलं होतं. त्यांना कुठे ठाऊक की पाण्यावर एक जहाज म्हणजे कधी कधी दोन असतात?

"नवीन वर्षाच्या मेळाव्यापर्यंत वेळ आहे," योरिंदे म्हणाली. "त्यानंतर माझ्या हातात राहत नाही."

जहाजावर येऊन त्याने आफकेला सांगितलं. ती आधी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसता पुसता तिचं तोंड बदललं.

"नाव सांग तिला."

"आफके..."

"नाव सांग, लामर्ट. वुब्बोचा सुटा भाग आलाय, पुढच्या आठवड्यात बसतोय. त्याचं जहाज आता चालणार आहे. थोडं रागावतील, एखादी फेरी काढून घेतील. पण आपलं सगळंच जाईल."

"आणि त्याचंच सगळं गेलं तर? कोण सांगू शकतं?"

"मग आपलं गेलेलं चालेल?" ती उठली. "इकडे आड तिकडे विहीर आहे, कळतंय मला. पण त्याच्यासाठी तू उडी मारतोस, आणि मला हाताला धरून मारतोस."

खिडकीतून पलीकडे वुब्बोच्या जहाजावर दिवा होता. लामर्टच्या डोक्यात त्या दिवसांत दुसरंच एक घोळत होतं, जे त्याने कोणालाच बोलून दाखवलं नव्हतं. झ्वोलेत मुलीच्या घराजवळ एखादं छोटं घर. गरम पाणी, कोरडे पडदे. आफके मागच्या अंगणात मटार लावील, आणि सकाळी कोणी दोर फेकायला हाक मारणार नाही. आपण सकाळी उठू आणि नदीला पूर आहे की नाही ते बघायचं कारणच नसेल. हे मनात आलं की त्याचा दुखरा खांदा जरा सैल पडायचा. मग त्याला लाज वाटायची आणि तो डेक धुवायला जायचा.

मेळावा कारखान्याच्या खाणावळीत होता, दुपारचा. गरम बिटरबॉल म्हणजे मांसाचे तळलेले गोळे, बुडवायला मोहरी, छोट्या ग्लासांत जिन. जहाजवाले चर्चचे कोट घालून, केस चोपून बसलेले. जमिनीवर आले की ही माणसं नेहमीच जरा अवघडतात. आफके लामर्टच्या शेजारी बसली होती आणि तिची नजर वुब्बोवर होती.

योरिंदेने चार शब्द बोलून वुब्बोला पुढे बोलावलं. सगळ्यांत कमी धूर, म्हणून त्याला केक होता. मोठा, हिरवा, त्यावर साखरेचं जहाज. वुब्बो उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"आता युक्ती सांगा सगळ्यांना," योरिंदे म्हणाली. "या पुरात एवढं कमी डिझेल कसं जाळलंत?"

वुब्बोने केककडे बघितलं. मग खोलीकडे.

"युक्ती कसली?" तो म्हणाला. "लामर्टने ओढलं मला. सगळा शरद. मी याकोबावर बसून सूप पीत होतो."

पहिल्या रांगेतला म्हातारा रेंडर्ट, ज्याने आपल्या डोळ्यांनी ती दोन बांधलेली जहाजं डेव्हेंटरच्या पुलाखालून जाताना पाहिली होती, तो मांडीवर थाप मारून मोठ्याने हसला. त्याला वाटलं, हा वेडा स्वतःचंच दुकान बुडवतोय, याला झाका. लगेच दुसरा हसला, तिसरा हसला. ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं ते सगळे हसले, आणि ज्यांनी पाहिलं नव्हतं ते त्यांना बघून हसले. पाण्यावरची गोष्ट जमिनीवर येऊ द्यायची नाही, ही त्यांची रीत. ती त्यांनी पाळली. लामर्टचा आकडा काय आहे हे त्यांच्यापैकी एकाला तरी ठाऊक होतं का? कसं असणार? त्याने कोणाला सांगितलंच नव्हतं. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात, हीही त्यांचीच रीत.

"हसताय काय लेको?" वुब्बो ओरडला. "खरं बोलतोय मी!"

मग तर खोली कोसळलीच. योरिंदेही हसत होती, बोटाने डोळ्यांच्या कडा पुसत होती. तिने मागे बसलेल्या लामर्टकडे बघितलं आणि हसत हसतच विचारलं, "कप्तान होइटिंगा, खरं आहे का हे? तुम्ही ओढलंत?"

सगळी डोकी मागे वळली. वुब्बो तिथे पुढे उभा, कपाळावर घाम, आणि त्याने लामर्टकडे बघून मान हलवली. हो म्हण, असं. लामर्टच्या बाहीवर आफकेची बोटं आली. तीही हो म्हण असंच सांगत होती. एक शब्द. एवढा एक शब्द म्हटला असता तर योरिंदेचं हसू थांबलं असतं, तिने वही काढली असती आणि याकोबाचं डिझेल वजा झालं असतं.

लामर्ट उठला. खोली गरम होती, आणि त्याला एकदम जाणवलं की हे आत्ता, इथे, संपू शकतं.

"वुब्बोला ओढायला डिझेल कशाला लागतं?" तो म्हणाला. "जिनची बाटली पुढे धरली की येतो आपला मागे मागे."

हसण्याने खिडक्या वाजल्या. कोणीतरी वुब्बोच्या हातात सुरी दिली, केक कापला गेला, साखरेचं जहाज दोन तुकडे झालं. वुब्बो हसला नाही. आफकेने बाहीवरची बोटं काढून घेतली आणि पुढ्यातली बशी बाजूला सरकवली.

बाहेर धुकं होतं. कालव्याचं पाणी आणि धक्का एकाच रंगाचे झाले होते. दोघं याकोबाकडे चालत होती, ती दोन पावलं पुढे.

"आफके," तो म्हणाला. "थांब जरा."

ती थांबली नाही. शिडीपाशी पोचल्यावर मात्र थांबली.

"मी गेले होते त्याच्याकडे," ती म्हणाली. "काल. मी सांगितलं त्याला सगळं. आपला आकडा, करार, बँक, सगळं. तो रडला, लामर्ट. म्हणाला, सगळ्यांसमोर सांगतो. आणि सांगितलंन त्याने. स्वतःच्या गळ्यावर सुरी ठेवून सांगितलंन. आणि तू त्याची चेष्टा केलीस."

लामर्टने टोपी काढली, पुन्हा घातली.

"त्याचं जहाज गेलं असतं," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस. त्याने स्वतः कबूल केलं होतं. तो तयार होता. वुब्बोसाठी नाही केलंस तू हे."

आता खरं म्हणजे तो भांडू शकला असता. मैत्री, रीत, वसतिगृह, सगळं होतं हाताशी. पण आफकेसमोर खोटं फार वेळ उभं राहायचं नाही. पस्तीस वर्षं एका डब्यात राहिल्यावर कोणाचंच राहत नाही.

"नाही," तो म्हणाला. "वुब्बोसाठी नाही. मी दमलोय गं. मला नको झालंय. रेषा खाली, मग अजून खाली, मग नवं इंजिन, त्याचं कर्ज, ते फेडेपर्यंत मी सत्तरीचा होईन. तिने विचारलं ना, तेव्हा वाटलं, नाही म्हटलं की सुटलो. एवढंच. बाकी काही नाही. आणि तूही किती सोसलंस. हा गारठा, तुझे पाय. तुला इथे आणलं याचं मला कधीच बरं वाटलं नाही. म्हटलं, आता तरी तुला कोरड्या घरात..."

"मला विचारलंस?"

लामर्टने खाली पाण्याकडे बघितलं.

"लग्न झाल्यापासून एकदा तरी विचारलंस? मी कुरकुरते म्हणून तू आपलं आपण ठरवलंस. आणि या तीन वर्षांत तो आकडा कोण खाली आणत होतं? कोणाच्या हातात चांगलं चालायचं हे? मला कधी नव्हे ते वाटायला लागलं होतं की हे माझं काम आहे, तुझ्या बापाचं नाही, तुझं नाही, माझं. नव्या इंजिनाचं मी किती वेळा वाचून ठेवलं होतं, तुला माहीत आहे?"

"नाही," तो म्हणाला.

तिने शिडीचा कठडा धरला. हात थंडीने लाल झाले होते, पण तिने ते खिशात घातले नाहीत. वर खिडकीत दिवा नव्हता. आत जाऊन कोणीतरी लावायला हवा होता, आणि दोघंही तिथेच उभी होती.

"मी नव्हते दमले, लामर्ट," आफके म्हणाली.